कागदी दुर्ग आणि त्यांची रयत

सन १९७४ च्या आरंभीं अमेरिकन संयुक्त संस्थानांपैकीं विस्कॉन्सिन या संस्थानांत, लेक जिनीव्हा नांवाच्या एका तळ्याकांठच्या लहान गांवीं, तीन पातळ पुस्तिकांचा एक संच विक्रीस निघाला. खोकें लांकडासारख्या रंगाचें, किंमत १० डॉलर आणि पहिली आवृत्ति अवघ्या १,००० प्रतींची. खेळाचें नांव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, म्हणजे भुयारें आणि त्यांतील अजस्र सर्प. कर्ते दोघे. गॅरी गायगॅक्स हे विम्याच्या कचेरींत नोकरी केलेले व पुढें जोडे दुरुस्त करून संसार चालविणारे गृहस्थ. डेव्ह आर्नेसन हे मिनेसोटा विद्यापीठांत इतिहास शिकलेले तरुण. त्या खोक्यांतून निघालेला खेळ पुढें जगभर पसरला आणि आज तो आमच्याकडील विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांतहि रात्रीं उशिरापर्यंत दिवे जाळतो.

ज्या वाचकांचा या खेळाशीं परिचय नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. पांचसहा मंडळी एका टेबलाभोंवतीं बसतात. त्यांतील एक सूत्रधार होतो. उरलेल्यांपैकीं कोणी लढवय्याचें, कोणी मांत्रिकाचें, कोणी धर्मोपदेशकाचें सोंग घेतो. सूत्रधार समोरचें जग तोंडानें उभें करतो, खेळाडू आपण काय करतों तें तोंडानेंच सांगतात, आणि जेथें निकाल संशयास्पद असेल तेथें फांसे टाकतात. रंगभूमि नाहीं, प्रेक्षक नाहींत, कित्येकदां पटहि नाहीं. हीं सोंगें पडक्या वाड्यांखालच्या भुयारांत उतरतात, राक्षसांशीं झुंजतात आणि सोनें घेऊन वर येतात. मूळ नियमांत या सोन्याचा उपयोग दुहेरी होता. तें खर्चण्यासाठीं तर होतेंच. परंतु जितक्या मोहरा बाहेर काढाव्या तितके अनुभवाचे गुणहि पदरांत पडत, आणि त्या गुणांवर खेळाडूचें पात्र एकेक इयत्ता वर चढे.

येथवरची हकीकत या खेळाच्या बहुतेक भक्तांस ठाऊक असते. परंतु चढत चढत जावयाचें कोठें, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं. मूळ ग्रंथकारांचें उत्तर निःसंदिग्ध होतें. नवव्या इयत्तेस लढवय्या ‘लॉर्ड’, म्हणजे सरदार, होई. आणि सरदारानें किल्ला बांधावा, भोंवतालचा मुलूख राखावा, कर घ्यावा व रयतेची जबाबदारी पत्करावी, अशी त्यांची योजना होती. दुसऱ्यांच्या पडक्या किल्ल्यांत शिरून लूट करणाऱ्यास अखेर स्वतःचा किल्ला सांभाळावयास लावणें, हा त्या खेळाचा मूळ घाट. गेल्या पन्नास वर्षांत त्या घाटाचें काय झालें, हें आम्हांस येथें पाहावयाचें आहे. आणि आमचें मत आरंभींच सांगून टाकावयाचें तर, खेळाडूंस किल्ला हवा होता, परंतु रयत नको होती, आणि नियमकर्ते हळूहळू खेळाडूंच्या मनासारखे वागत गेले.

किल्ला या खेळांत मागाहून शिरला असें कोणास वाटेल, परंतु खरा क्रम उलट आहे. किल्ला आधींचा, भुयार मागाहूनचें. शिशाचे सैनिक मांडून लढाया खेळण्याचा नाद अमेरिकेंत त्या काळीं बराच फैलावला होता. १९६७ सालीं हेन्री बोडेनस्टेट यांचा ‘सीज ऑफ बोडेनबर्ग’ हा खेळ ‘स्ट्रॅटेजी अँड टॅक्टिक्स’ या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. खेळण्यांतल्या किल्ल्यास घातलेला वेढा हाच त्याचा विषय. १९७० सालीं गायगॅक्स व त्यांच्या स्नेह्यांनीं मध्ययुगीन लढायांच्या शौकिनांचें ‘कॅसल अँड क्रुसेड सोसायटी’ नांवाचें मंडळ काढलें. सभासदांस सरदारकीचे किताब मिळत, आणि एका कल्पित ‘महाराज्या’च्या नकाशावर मुलूखहि तोडून मिळे. मंडळाच्या पत्रिकेचें नांव ‘डूम्सडे बुक’ ठेवलें होतें. १०८६ सालीं विल्यम राजानें इंग्लंडांतील जमिनींची, नांगरांची व कुळांची जी मोजदाद करविली तिच्या दप्तराचें हें नांव. तरुणांच्या हौशी मंडळानें आपल्या पत्रिकेस एका साराबंदीच्या चोपडीचें नांव द्यावें, ही गोष्ट आम्हांस मोठी सूचक वाटते. १९७१ सालीं गायगॅक्स व जेफ पेरेन यांची ‘चेनमेल’ ही लढायांच्या नियमांची पुस्तिका निघाली. तींत वेढ्यांचे नियम होते, आणि शेवटीं मांत्रिक, राक्षस व ड्रॅगन यांचें एक परिशिष्ट जोडलेलें होतें. त्या परिशिष्टांतून पुढचा सारा पसारा वाढला.

त्या महाराज्याच्या नकाशावरील एक कोपरा आर्नेसन यांनीं मागून घेतला आणि त्यास ‘ब्लॅकमूर’ असें नांव दिलें. मिनिआपोलिस व सेंट पॉल या जुळ्या शहरांतील त्यांचे मित्र १९७१ पासून तेथें खेळूं लागले. मध्यभागीं प्लॅस्टिकचा एक तयार किल्ला मांडलेला असे आणि त्या किल्ल्याचें व आसपासच्या मुलुखाचें रक्षण करणें हें खेळाडूंचें काम होतें. पुढें आर्नेसन यांनीं किल्ल्याखालीं भुयारें खणलीं, अर्थात् कागदावर. मग जें घडूं नये तेंच घडलें. मंडळींस भुयारांची चटक लागली. जो तो खालीं उतरे, खजिना शोधी, वर येऊन पुनः उतरे. तटावर कोण आहे, दरवाजा कोणी लाविला, याची वास्तपुस्त करावयास कोणी नसे. परिणामीं शत्रूनें एके दिवशीं किल्ला घेतला. आर्नेसन यांनीं खेळाडूंची गय केली नाहीं. त्यांस आपल्याच मुलुखांतून परागंदा होऊन ‘लॉख ग्लूमेन’ नांवाच्या उदासवाण्या प्रदेशांत जावें लागलें. १९७७ सालीं छापलेल्या ‘फर्स्ट फॅन्टसी कॅम्पेन’ या त्यांच्या टिपणवजा पुस्तकांत ब्लॅकमूरच्या या दिवसांचा वृत्तांत सांपडतो. पुस्तक विस्कळित आहे. एक पान सैन्याच्या पगाराचें, तर दुसरें पान इमारतीच्या खर्चाचें. परंतु इतिहासाचा विद्यार्थी खेळ मांडूं लागला म्हणजे काय होतें हें त्यावरून कळतें. त्यांच्या टेबलावर सोनें नुसतें सांपडून भागत नसे. तें कोणत्या तरी छंदावर किंवा कार्यावर खर्च केल्यावरच अनुभवाचे गुण मिळत. द्रव्य पुरून ठेवणाऱ्या कृपणास या जगांत बढती नव्हती.

आतां १९७४ च्या पुस्तिकांकडे वळूं. त्यांची भाषा त्रोटक आणि मांडणी अशी कीं अनुभवी खेळाडूहि घोंटाळ्यांत पडावा. तरी किल्ल्याविषयींचा मजकूर पुरेसा स्पष्ट आहे. खेळाडूनें केव्हांहि जमिनीचा तुकडा निवडून किल्ला, बुरूज अथवा मनास येईल तें बांधावें. भिंती, बुरूज, दरवाजे यांच्या आकृत्या काढून प्रत्येकीखालीं मोहरांचा आंकडा दिलेला आहे. किल्ला बांधणारा सरदार ‘बॅरन’ समजला जाई आणि मुलुखांतील दरडोई वर्षाला १० मोहरा हें त्याचें मूळ उत्पन्न. तें वाढवावयाचें असेल तर त्यानें रस्ते, शेती, जहाजबांधणी, व्यापार, देवालयें यांत पैसा घालावा, अशी सूचना आहे. धर्मोपदेशकाचा थाट याहून मोठा. त्यानें १,००,००० मोहरा खर्च केल्या तर २,००,००० मोहरांचा गड उभा राही, कारण अर्धा भार वरून, म्हणजे देवाकडून, उचलला जाई. शिपाई श्रद्धेपोटीं बिनपगारी येत. आणि कर दरडोई २० मोहरा, म्हणजे सरदाराच्या दुप्पट. मठ व धर्मपीठें यांच्या अर्थकारणावर इतकी बोंचरी टीका इतक्या थोडक्या शब्दांत आम्हीं क्वचितच वाचली आहे. मग ती हेतुपुरस्सर असो वा नसो.

परंतु या पुस्तिकांतील सर्वांत मनोरंजक कलम आणखी निराळेंच आहे. तिसऱ्या पुस्तिकेंत चिडलेल्या गांवकऱ्यांविषयीं एक नियम आहे. खेळाडूंचें वर्तन जेव्हां जेव्हां लोकांस असह्य होईल, तेव्हां तेव्हां सूत्रधारानें गांवकऱ्यांस त्यांच्यावर उठवावें, असा त्याचा आशय. या नियमास आंकडा नाहीं, कोष्टक नाहीं. सूत्रधाराच्या न्यायबुद्धीवर सारें सोंपविलेलें आहे. ज्या खेळांत राक्षसाच्या कातडीची जाडीहि आंकड्यांत मोजतात, त्यांत लोकांचा राग तेवढा मोजमापाबाहेर ठेविला, ही गोष्ट आम्हांस शहाणपणाची वाटते.

हे लोक आले कोठून, हा प्रश्न मात्र ग्रंथकारांनीं टाळला. १९७८ च्या सुधारलेल्या नियमांत त्याचें जें उत्तर मिळतें तें विचार करावयास लावणारें आहे. सरदारानें किल्ला बांधून सभोंवारचा २० ते ५० मैलांच्या त्रिज्येचा मुलूख शत्रुभूत प्राण्यांपासून साफ केला, कीं लोक आपोआप तेथें वस्तीस येतात आणि दरमहा दरडोई ७ रौप्यमुद्रा देऊं लागतात. (त्या आवृत्तींत २० रौप्यमुद्रांची एक मोहर होत असल्यानें वार्षिक कर चार मोहरांच्या किंचित् वर बसतो, म्हणजे चार वर्षांत रयतेवरील भार निम्म्याहून कमी झाला. एखाद्या बखरकारानें याबद्दल गायगॅक्स यांस प्रजावत्सल म्हटलें असतें.) आतां मध्ययुगीन इंग्लंडांत तट व जंग्या बांधण्यास सामान्यतः राजाचा परवाना लागे, आणि जमिनीवर पिढ्यान् पिढ्यांचे हक्क व कज्जे असत. या खेळांत ना परवाना, ना कज्जा. मोकळी जमीन समोर पडलेली आहे. तिच्यावर जे राहतात ते राक्षस आहेत. त्यांस हांकून द्यावें, चार खुंट्या ठोकाव्या आणि आपलें म्हणावें. हें युरोपचें मध्ययुग नव्हे. १८६२ सालच्या अमेरिकन कायद्यानें वसाहतवाल्यास १६० एकर जमीन देऊं केली आणि पांच वर्षें ती कसली म्हणजे मालकी त्याची, असें ठरविलें. त्या जमिनीवर आधीं कोण नांदत होतें याचा उच्चार कायद्यानें केला नाहीं. चिलखत आणि ढाली युरोपच्या खऱ्या, परंतु आंतला देह अमेरिकन सरहद्दीचा, असें आमचें या खेळाविषयीं स्पष्ट मत आहे.

यासाठीं खऱ्या किल्ल्यांचा दाखला घेऊन पाहावा. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड यानें तेराव्या शतकाच्या अखेरीस वेल्स जिंकून तेथें दुर्गांची मालिका उभारली. त्यांचे हिशेब सुदैवानें बरेचसे शिल्लक आहेत. हार्लेकचा गड १२८९ पर्यंत सुमारें ७ वर्षें चालला होता. खर्च सुमारें ८,२०० पौंड. आणि १२८६ च्या उन्हाळ्यांत तेथें जवळजवळ ९५० माणसें राबत होतीं. आतां याच्या शेजारीं खेळांतील १९८१ च्या पुस्तिकेचा दरपत्रक ठेवावा. साठ फूट चौरस व ऐंशी फूट उंच बालेकिल्ला, ७५,००० मोहरा. दर ५०० मोहरांस एक दिवस, या मानानें बांधकामाचा वेळ १५० दिवस. दर १,००,००० मोहरांच्या कामावर एक स्थापत्यकार नेमावा, त्याचा पगार दरमहा ७५० मोहरा. हिंवाळ्यांत चुना थिजतो म्हणून काम बंद ठेवावें लागतें, खाणीचा मालक अडून बसतो, गवंडी पळून जातात, यांपैकीं कशाचीहि तेथें दाद नाहीं. यंत्रयुगांतील माणसाला दगडाचा वेळ समजत नाहीं, हेंच खरें.

पैशाच्या टंचाईची गोष्ट तर सोडूनच द्यावी. १२९५ सालीं एडवर्डनें अँगलसी बेटावर बोमॅरिसचा किल्ला घातला. त्याचा मुख्य स्थपति सेंट जॉर्जचा जेम्स यानें पुढल्या वर्षींच्या फेब्रुवारींत राजाच्या खजिन्यास लिहिलेलें पत्र आज उपलब्ध आहे. आठवड्यास २५० पौंड तरी हवेत, ४०० पाथरवट व गवंडी, २,००० मजूर, २०० खाणकामगार आणि ३० लोहार-सुतार कामावर आहेत, त्यांचे पगार थकले आहेत आणि द्रव्य न आल्यास सगळें व्यर्थ जाईल, असा त्याचा मथितार्थ. पत्र वाचतांना सातशेंहून अधिक वर्षांचें अंतर नाहींसें होतें. कोणत्याहि सार्वजनिक बांधकाम खात्याच्या इंजिनिअरानें तें काल लिहिलें असावें असें वाटतें. स्कॉटलंडशीं युद्ध सुरू झालें, पैसा तिकडे वळला, आणि सुमारें १५,००० पौंड गिळूनहि बोमॅरिस अपुरा राहिला तो आजतागायत. शिवाय जवळच्या लानव्हाइस गांवांतील वेल्श लोकांस त्यांच्या घरांतून उठवून बेटाच्या दुसऱ्या टोंकास न्यूबरो नांवाच्या नव्या वस्तींत नेऊन बसविलें. म्हणजे खेळांत किल्ला झाला कीं लोक येतात; इतिहासांत किल्ला होतो तेव्हां लोकांस पुष्कळदां जावें लागतें.

दुर्गविचाराची परंपरा आपल्याकडेहि आहे, म्हणून एका लहानशा मुद्द्याचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत किल्ल्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि गड बांधण्यापूर्वीं तेथें पाणी आहे कीं नाहीं तें पाहावें, हा त्यांतील एक मुख्य दंडक. वर सांगितलेल्या १९८१ च्या दरपत्रकांत तटापासून चोरदरवाजापर्यंत सर्व कांहीं आहे, विहीर नाहीं. आमच्याकडे मुलें दिवाळींत मातीचा किल्ला करतात तेव्हां तींदेखील वर एक इवलेंसें टांकें खोदून त्यांत पाणी ओततात. तेंहि संध्याकाळपर्यंत जिरून जातें, ही गोष्ट वेगळी.

असो. नियम अपुरे असोत वा कसेहि असोत, नियमकर्त्यांनीं किल्ल्याचें दार उघडें ठेविलें होतें. मग खेळाडू आंत कां गेले नाहींत? याचीं कारणें दोन दिसतात. पहिलें अगदीं साध्या गणिताचें. नवव्या इयत्तेपर्यंत पोंचावयास मंडळींस वर्ष-दोन वर्षें आठवड्यागणिक जमावें लागे. तोंपर्यंत कोणाची परीक्षा येई, कोणाचें लग्न होई, कोणी परगांवीं नोकरीस जाई. म्हणजे राज्यपदाचें प्रकरण ग्रंथांत छापलेलें असे, पण तेथवर पानें उलटावयास टेबलाभोंवतीं माणसेंच उरत नसत. दुसरें कारण अधिक खोलवरचें आहे. या खेळाचा प्राण म्हणजे सोबत. चौघे एका दिवट्याच्या उजेडांत खालीं उतरतात, एकमेकांस सांवरून घेतात, लूट वांटून घेतात. परंतु किल्ला एकट्याचा असतो. लढवय्या आपल्या गडावर गेला, मांत्रिक आपल्या मनोऱ्यांत, धर्मोपदेशक आपल्या मठांत. मग चौघांनीं एकत्र येऊन खेळावयाचें काय? ज्या दिवशीं सोंगें यशस्वी होतात त्याच दिवशीं मंडळी फुटते. कर्त्या वयांत आलेल्या भावांचें एकत्र कुटुंब ज्या रीतीनें विभक्त होतें तीच ही रीत. आणि आमच्या वाचकांस ती अधिक फोड करून सांगण्याची जरूरी नाहीं.

या अडचणींतून वाट काढण्याचे प्रयत्न झालेच नाहींत असें नव्हे, आणि त्यांतील कांहीं फार बुद्धिमान् होते. १९७७ सालीं कॅनडांतील एड सिंबलिस्ट व विल्फ बॅकहाउस यांनीं ‘शिव्हलरी अँड सॉर्सरी’ या खेळांत सरंजामी समाज त्याच्या उतरंडीसकट आणण्याचा यत्न केला. तो इतका सांगोपांग झाला कीं खेळापेक्षां त्यास अभ्यासक्रम म्हणणें शोभेल. १९८४ सालीं फ्रँक मेंट्झर यांच्या ‘कंपॅनियन’ नियमांत मुलुखांतील शेतकरी कुटुंबांची संख्या, तेथील उत्पन्नाचीं साधनें आणि रयतेचा राजावरील विश्वास, हा शेवटचा तर चक्क आंकड्यांत, नोंदण्याची सोय झाली. कर वाढविला तर विश्वास घटावा, फार घटला तर बंडाळी व्हावी. १९७४ च्या चिडलेल्या गांवकऱ्यांस येथें कोष्टक मिळालें, आणि आमच्या मतें त्यांचा थोडा तोटाच झाला. कारण जो राग आधीं सांगून येतो त्याची तजवीज कोणताहि कारभारी करूं शकतो.

याहून आम्हांस ग्रेग स्टॅफर्ड यांची ‘पेंड्रॅगन’ मधील युक्ति पसंत आहे. १९८५ च्या या आर्थर राजाच्या खेळांत सरदारानें वर्षांतून साधारणतः एकच मोहीम करावयाची. मग हिंवाळा येतो, आणि हिंवाळ्यांत शेताचें पीक, घोड्यांची निगा, लग्न, मुलें, मृत्यु यांचे फांसे पडतात. मोहिमेंत जिंकलेला सरदार घरीं येतो तों पोर दगावलेलें असतें. वृद्ध झालेलें पात्र जाऊन त्याचा पुत्र त्याच्या जागीं येतो व तोच खेळाडू त्याचें सोंग घेतो. येथें जहागीर ही बक्षीस नसून काळाचें माप आहे. जोनाथन ट्वीट व मार्क राइन-हेगन यांच्या ‘आर्स मॅजिका’ (१९८७) या खेळानें सोबतीचा प्रश्न सोडविला तो वेगळ्या तऱ्हेनें. तेथें मांत्रिकांचा मठवजा वाडा आरंभापासूनच सर्वांच्या समाईक मालकीचा. एकाच खेळाडूनें एके दिवशीं मांत्रिकाचें, तर दुसऱ्या दिवशीं त्या वाड्यांतील शिपायाचें सोंग घ्यावयाचें. ज्याच्यावर काल हुकूम सोडला तोच आज आपण व्हावयाचें, यासारखें राजकारणाचें शिक्षण दुसरें नाहीं. १९९५ सालच्या ‘बर्थराइट’ मध्यें तर पात्रें पहिल्या दिवसापासूनच राज्यकर्तीं असत.

तथापि हे सारे आडवाटेचे यात्रेकरू. राजमार्ग निराळीकडे चालला होता. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तींत सरदाराचे अनुचर व गढी जीव धरून होती. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तींत पात्राच्या हक्कानें येणारा किल्ला व शिबंदी नाहींशी झाली. सोबतीस माणसें हवीं तर तो एक ऐच्छिक गुण म्हणून निवडावयाचा. ‘नवव्या इयत्तेस तूं सरदार होशील’ हें वाक्य गेलें, आणि त्याबरोबर प्रवासाचें ठिकाणहि गेलें. उरला तो प्रवास. २००२ सालीं किल्लेबांधणीचें एक जाडसर मार्गदर्शक पुस्तक निघालें खरें, परंतु तें चाळतांना एखाद्या धनाढ्याच्या बंगल्याचा अंदाजपत्रक वाचल्यासारखें होतें. मुदपाकखाना केवढ्याचा, ग्रंथालय केवढ्याचें, भिंतींस मंत्राचा लेप द्यावयाचा तर काय पडेल, आणि सबंध किल्लाच आकाशांत उडवावयाचा तर काय. ज्या किल्ल्यास जमिनीचीहि गरज उरली नाहीं त्यास रयत कशास हवी?

किल्ल्याची भूक मात्र मेली नव्हती. २०१८ सालीं मॅट कोलव्हिल यांनीं गढ्या व अनुचर यांवर एक पुस्तक काढण्यासाठीं लोकांपुढें वर्गणीची याचना केली, तेव्हां २० लाख डॉलरांहून अधिक रक्कम जमली. पुस्तक पुढल्या वर्षीं निघालें. पन्नास वर्षांपूर्वीं ज्या खेळाच्या पहिल्या १,००० प्रती खपविणें हा एक व्यापार होता, त्याच्या एका विस्मृत प्रकरणासाठीं इतका पैसा! मुख्य खेळाच्या चालकांच्या कानांवर हा खुळखुळाट गेला असेल तर नवल नाहीं. २०२४ च्या सूत्रधाराच्या पुस्तकांत ‘बॅस्टिअन’ नांवानें किल्ला परत आला आहे.

तो कसा आहे हें थोडें बारकाईनें पाहण्यासारखें आहे. आतां नवव्या इयत्तेपर्यंत थांबावयास नको. पांचव्या इयत्तेस प्रत्येक पात्रास आपापली वास्तु मिळते, आणि इच्छा असल्यास मित्रांनीं आपल्या वास्तु एकत्र जोडाव्या, अशीहि मुभा आहे. सोबतीचा जुना प्रश्न येथें सुटला आहे, आणि त्याबद्दल कर्त्यांचें अभिनंदन केलें पाहिजे. वास्तूंत बाग, ग्रंथालय, लोहारकाम, शिबंदीची कोठी, नाटकगृह इत्यादि विशेष दालनें असतात. तीं सोन्यानें विकत घेतां येत नाहींत, इयत्तेबरोबर मिळतात. दर सात दिवसांनीं एकदां मालकानें हुकूम द्यावा; दालनांतील चाकर तें काम करतात, आणि त्यांचा पगार तें तें दालनच भागवितें. कधींमधीं फांसा वांकडा पडून हल्ला होतो व कांहीं रक्षक मरतात. मालकानें फार काळ कांहींच आज्ञा दिली नाहीं तर वास्तु त्याच्या हातची जाते. ब्लॅकमूरच्या त्या परागंदा सरदारांची आठवण कोणास तरी असावी, असें हें कलम वाचून वाटतें.

सोय म्हणून ही व्यवस्था उत्तम आहे. आमच्या ओळखीच्या तरुण मंडळींस ती फार आवडते, आणि दिवसभराच्या नोकरींत दुसऱ्याचे हिशेब लिहून आलेल्या माणसानें रात्रीं पुनः कल्पित कुळांचे हिशेब लिहावे, अशी अपेक्षा करणें क्रूरपणाचें आहे, हेंहि आम्हांस मान्य आहे. परंतु त्या दालनांच्या यादींत आम्हीं गांव शोधला, तो सांपडला नाहीं. कर घ्यावयाचा नाहीं, म्हणून कर माफ करण्याचा प्रसंगहि नाहीं. दुष्काळ नाहीं, फिर्यादी नाहींत, रस्ता कोणाच्या शेतांतून न्यावा हा तंटा नाहीं. जेम्स स्थपतीस ज्या चिंतेनें झोंप लागत नव्हती ती चिंता येथें दालनेंच परस्पर मिटवितात. तटाच्या आंत सर्व कांहीं आहे. तटाबाहेर काय आहे तें पुस्तक सांगत नाहीं. आणि ज्या तटाबाहेर कोणी राहत नाहीं तो तट कोणासाठीं आणि कोणाविरुद्ध बांधला, हा प्रश्न विचारण्याचें कारणहि त्या खेळाडूस पडत नाहीं. त्यास मिळालें आहे तें घर. चांगलें, उबदार, मित्रांनीं भरलेलें घर. त्यास घर म्हणावें, आमची तक्रार नाहीं. तक्रार आहे ती त्याच्या दाराशीं खंदक खणण्याला.

सूत्रधारांस मात्र एक गोष्ट सांगून ठेवतों. १९७४ च्या तिसऱ्या पुस्तिकेंतील चिडलेल्या गांवकऱ्यांचें कलम पुढें कोणी रद्द केल्याचें आमच्या वाचनांत आलेलें नाहीं.